विहिरीकाठच्या जर्मन वेली

१२ जानेवारी १९५४, मादन हिप्परगा

हे आले. चार वर्षं जर्मनीत द्राक्षांचं शिकून! ट्रंकेत साडी नाही, लेकीला, दानम्माला, खेळणं नाही. ओल्या गोणपाटात बांधलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या. आणि दारूच्या तीन बाटल्या — दोन मुंबई बंदरात काढून घेतल्या, एक वाचली; यांना गेलेल्या दोनचंच दुःख. पोर माझ्यामागं लपली. हे म्हणाले, "मोठी झाली की." आणि लगेच, "विहिरीला पाणी हाय न्हवं?"

१५ जानेवारी

विहिरीकाठी काड्या लावल्या. लावता लावता माझी शाळा, द्राक्षांच्या जातींची. रीस्लिंग आंबट, सगळ्यांत उशिरा पिकते. सिल्व्हानर सौम्य. ट्रामिनरला गुलाबाचा वास. सांगताना तोंडावर जे तेज येतं ते लग्नातही नव्हतं.

विचारलं, "यातलं खायला गोड कोणतं?"

"खायचं न्हाई. रस आंबवून वाईन करायची."

"म्हणजे दारूच की."

"तुला न्हाई कळायचं."

गळ्यात लिंग बांधणाऱ्यांच्या घरात हे! मामांना — माझ्या सासऱ्यांना — अजून पत्ता नाही.

३ फेब्रुवारी

आळंदहून अंकुशराव वकील आले. शेतातल्या खोपीत ती उरलेली बाटली उघडली. वकिलांनी डोळे मिटून घोट घेतला. "फ्रेंच दिसतंय." जर्मन आहे, नदीकाठच्या पाटीच्या दगडाच्या उतारावरची रीस्लिंग आहे, असं यांनी समजावलं. वकील म्हणाले, "बरं. जरा साखर पाहिजे होती." यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पदराआड हसले.

वकील गेल्यावर पेला माझ्यापुढं. "पिऊ नको. वास तरी घे."

घेतला. ताडीसारखा असेल वाटलं होतं. तसा नव्हता. कैरी चिरल्यावर येतो तसा काहीसा. उगीच घेतला.

८ मार्च

काड्या फुटल्या. सिल्व्हानरचं पान गोल, ट्रामिनरचं लहान. मला कामून ओळखू यावं हे? यांना मुलगी दुसरीत आहे का तिसरीत, तेवढं सांगता येत नाही.

१५ मार्च

वकिलानं बाजारात बडबड केली. मामा कुदळ घेऊनच विहिरीवर गेले. मी मागोमाग.

"माझ्या रानात दारूचं झाड लावायलास?"

हे जर्मनीत प्रोफेसरांशी वाद घातल्याच्या गोष्टी सांगतात, आणि बापापुढं मान खाली! दोन वेली उपटल्या गेल्या. मी आडवी उभी राहिले. सासऱ्यांपुढं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, पोरं द्राक्षं खातील. दारू मी होऊ देणार न्हाई."

 मामा कुदळ खांद्यावर टाकून गेले.

घरी हे म्हणाले, "माझं काम वाचवलंस तू."

मी म्हणाले, "तुमच्यासाठी न्हवं."

मग कुणासाठी, ते विचारलंसुद्धा नाही.

२ एप्रिल

हे जर्मनीला परत गेले. तिथल्या मळ्यातली नोकरी इकडं येण्याआधीच ठरलेली. काड्या इथं जगतात का, एवढंच बघायचं होतं म्हणे. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं.

 संध्याकाळी मामा म्हणाले, "सावित्रम्मा, विहिरीकाठचा तुकडा तुझ्या नावावर करायलोय. काय लावायचं ते तू बघ."

मी म्हणाले, "वेलींच्या मांडवाला बांबू लागतील."