विमान मंजूर समजावे

४ मार्च
कॅनडाच्या जावयानं पाठवलेलं पुस्तक आलं. आग विझवणारी विमानं कशी ओळखावीत, याचं. छत्तीस विमानं, प्रत्येकाचे तीन बाजूंनी फोटो. मी मालेगाव स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी फाट्यावर असतानाच आवाजावरून डेपो सांगायचो. विमान म्हणजे पंख असलेली गाडी. संकल्प: रोज दोन विमानं पाठ. अठरा दिवसांत एक्स्पर्ट.

७ मार्च
दोन झाली. (सहा व्हायला हवी होती, पण पाया पक्का असावा.) पिवळं-लाल, पोट होडीसारखं. तळ्यावर टेकून बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी उचलतं. आपल्या पाझर तलावाचा उपयोग आज कळला. पुस्तकात लांबलचक, खोल पाणी हवं असं लिहिलंय. आपल्याकडे सध्या म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडी राहते. पण ते कॅनडाचे नियम.

१० मार्च
शेजारचा जगदेव आला. टेकडीखाली वावर असलेल्या आम्ही अकरा जणांनी पायथ्याला दहा फूट रुंद पट्टा साफ करायचा. गवत काढून माती उघडी केली की वरची आग खाली उतरत नाही. दरवर्षीचंच काम. माझ्या वाट्याला दोनशे फूट. जगदेव म्हणाला, "यंदा गवत कमरेइतकं हाय, इंद्रभान. आईतवारी येजो." येतो म्हटलं.

१५ मार्च, रविवार
गुडघा. गेलो नाही. बाकी दहा जणांनी आपापला भाग साफ केला. माझा उद्या.

१६ मार्च
सोमवारी उपास असतो, हे लक्षातच नव्हतं.

२० मार्च
जिल्ह्याला ई-मेल केला: उन्हाळ्यात आमच्या गावासाठी एक विमान राखीव ठेवावे. पत्ता मीच अंदाजानं बनवला. एका मिनिटात इंग्रजीत उत्तर! इतकी तत्परता मी एसटीतही पाहिली नाही. पूर्ण वाचलं नाही, पण 'डिलिव्हरी' हा शब्द स्पष्ट आहे.

२२ मार्च
ग्रामसभेत सांगितलं: विमान मंजूर समजावे. लोक एकमेकांकडे पाहू लागले. आदरानं. घरी वच्छला म्हणाली, "इमानाचं जाऊ द्या, गवत कवा कापता?" बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

२९ मार्च
पलीकडच्या डोंगरावर तीन दिवस धूर आहे. रात्री माथ्यावर लाल रेघ दिसते, सकाळी पुसलेली असते. वच्छलानं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्यांवर काळे कण पडले. बोटानं चोळले. राख. वारा इकडचा नव्हता, तरी.

३ एप्रिल
मोठा दिवस! सकाळी अकराला आवाज. दिसण्याआधीच मी ओरडलो, "हेलिकॉप्टर!" आणि टेकडीमागून हेलिकॉप्टरच निघालं. मालेगावच्या हीरालाल शेठच्या नातवाला, अर्पितला, लग्नाला घेऊन चाललं होतं म्हणे. पण ओळख बरोबर. सगळं गाव म्हणतंय, "इंद्रभानभौनं आवाजावरूनच ओयखलं." सरपंच वैजयंतीताईंनी उन्हाळ्यासाठी टेकडीखाली उभा केलेला पाण्याचा टँकर भाच्याच्या लग्नाला पाठवून दिला. "आता इमान हायच ना, भाऊ," म्हणाल्या. हायच, म्हटलं.

९ एप्रिल
जगदेव विळा घेऊन आला. म्हणे, "तुहं गुडघ्याचं दुखनं हाय. मीच कापून देतो, दोन दिवसाचं काम." मला अपमान वाटला. म्हटलं, माझा भाग मी कापीन, उद्याच. त्यानं टेकडीकडे पाहिलं, नाक वर करून वास घेतला आणि गेला.

१० एप्रिल
पारा त्रेचाळीस. अशा उन्हात काम करू नये असं रेडिओवरही सांगतात. टेकडीवरून मोरांचा आवाज येत नाही, दोन दिवस झाले. विमानं सव्वीस पाठ.

१२ एप्रिल
दु. १.४०. माथ्यावर धूर. वारा गावाकडे. सगळे ओली पोती आणि पळसाच्या फांद्या घेऊन वर निघाले. जगदेव पुढे.

दु. १.५५. विमान! खूप उंच, पांढरं, मागे पांढरी रेघ. पुस्तक, पान अकरा: आधी एक विमान येऊन पाहणी करतं, मागून मोठं पाणी घेऊन येतं. एवढं पाणी माणसावर पडलं तर माणूस उरत नाही. मी स्टँडवरच्या आवाजात पुकारा केला: सगळ्यांनी खाली यावे! आले. एकतीस वर्षांचा आवाज आहे.

दु. २.१५. अजून नाही. थोडं लेट चालतंच.

दु. २.२५. जगदेवनं विचारलं, "येते ना रे?" म्हटलं, येतंय. गवत पेटल्याचा आवाज इथपर्यंत येतो. पाऊस पडल्यासारखा.

१३ एप्रिल
कालची नोंद अर्धी राहिली. आग पायथ्याला आली. दहा जणांच्या पट्ट्यापाशी थांबली. म्हणजे पद्धत चांगली आहे. एका ठिकाणी उतरली. तिथून माझ्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर, तिथून जगदेवच्या गोठ्यावर. जगदेव बैल सोडायला आत गेला. दोन्ही बैल बाहेर आले. जगदेव आला नाही. त्याचा भाऊ पवन आत शिरला आणि त्याला ओढत बाहेर आणलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत. अकोल्याला दवाखान्यात नेलं.
वाऱ्याचा वेग अनपेक्षित होता, हे लक्षात घेतलं पाहिजे.
वच्छला माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते.

१५ एप्रिल
मोबाइलवर एक ॲप असतं. कोणतं विमान कधी, कुठून गेलं ते दिसतं. १२ तारीख, १.५५: दिल्लीहून हैदराबादला जाणारं प्रवासी विमान, उंची पस्तीस हजार फूट. ॲपवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्नच आहे.
मार्चमधला ई-मेलही आज वाचला. 'डिलिव्हरी'च्या पुढचा शब्दही: 'फेल्ड'.

२१ एप्रिल, अकोला
जगदेवला भेटायला आलो. निघाल्यापासून रस्ताभर वाक्यं जुळवली होती. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, "इंद्रभान, तू हाक मारली नसती त मी वर टेकडीवर असतो. चारी बाजूनं घेरला असतो. तुह्यानंच वाचलो." शेजारच्या खाटेवरच्यांनाही त्यानं हेच सांगितलं आहे. मला बरं वाटलं. जुळवलेली वाक्यं राहू दिली. त्याचं मत इथं नोंदवून ठेवतो.

मग त्याची बायको रुख्मिणी पुढे आली. हातात कोरा कागद. म्हणाली, "भाऊ, तलाठी इचारून राह्यला, आग दिसत असून लोक खाली काहून आले? इमान आलं म्हनून, म्या सांगतलं. तो म्हनते, कोनतं इमान? त्याचं नाव लिवून द्या, पंचनाम्यात लावतो म्हनते."
मी म्हणालो, पेन नाही.
पेन शर्टाच्या खिशाला होता. रुख्मिणीनं तो काढला, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिला. जगदेवनं बँडेजमधले दोन्ही हात उशीवर जरा वर सरकवले आणि म्हणाला, "लिही ना. तुले त सारेच पाठ हायेत."
तारीख घातली. वेळ घातली, दु. १.५५. पुढे नाव. नाव लिहिलं नाही. कागद मांडीवर, रुख्मिणी समोर उभी.
आठवून लिहितो म्हणत खाली आलो, हे बाकावर बसून लिहितो आहे. कागद अजून माझ्याकडेच आहे. मालेगावची पाचची गाडी गेली.