खांबाच्या जागी

१६ मे, सोमवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं, स्वेटरही पोचला. बाह्या हातभर लांब झाल्यात. मी अजून वाढतोय असं तुला वाटतं की काय कोण जाणे! पण गोलकीपरचे हात लांब दिसलेले बरे, म्हणून घालून बसलोय. भाऊजींचा खोकला गेला का? भाचीचे दात पडायला लागले हे वाचून हसलो. तिला सांग, मामाही मागे नाही; माझा पुढचा एक गेल्याच महिन्यात कुणाचं तरी कोपर लागून गेला.

शनिवारी काय झालं, असं विचारलंयस. सांगतो. पण त्याआधी तुला खांबदादा माहीत हवा. इतकी वर्षं तू त्याला 'तुझी जागा अडवून बसलेला माणूस' एवढंच ओळखतेस.

त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. पोरवयात बेकरीतलं काम आटपून, कोपरापर्यंत पीठ तसंच ठेवून तो पहिल्यांदा मैदानावर उतरला, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, गोलला तिसरा खांब कुणी लावला?" नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर कोच बदलले, अध्यक्ष आले नि गेले, जर्सीचा रंग एकदा बदलून लोकांनी बोंब मारल्यावर परत आणला. गोलमध्ये माणूस मात्र तोच.

त्याचे हात बघायला हवेस तू. एकेक बोट एकेका दिशेला गेलंय. शर्टाची बटणं वहिनी लावून देतात. त्या शाळेत शिकवतात, म्हणतात, "अख्खा वर्ग सांभाळते मी, पण बटणं लावताना हा एकटा जास्त चुळबुळ करतो." आणि त्याच बोटांत भिजून जड झालेला चेंडू असा येऊन बसतो, की आवाजसुद्धा होत नाही. मी रोज बघायचो आणि रोज तोंड उघडं राहायचं. सवय झालीच नाही.

आम्ही चषकाच्या उपांत्य फेरीत गेलो त्या वर्षी एका मोठ्या क्लबची माणसं त्याला न्यायला आली होती. आम्ही दोघं गोलची जाळी बांधत होतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे चांगले गोलकीपर आहेत. इथून मी गेलो तर इथं कुणीच नाही." ताई, मी शेजारी उभा होतो! जाळीची दोरी दातांत धरून! ती माणसं गेल्यावर मी म्हटलं, "दादा, मग मी कोण?" तो असा काही ओशाळला! म्हणाला, "अरे, तू व्हायचायस अजून."

पुढच्याच वर्षी आम्ही खालच्या गटात घसरलो. चांगले खेळाडू भराभर निघून गेले, स्टँडचं छप्पर गळायला लागलं, प्रेक्षकांपेक्षा कबुतरं जास्त झाली. तो राहिला. पहाटे बेकरी, मग सराव. का गेला नाहीस विचारलं, तर म्हणायचा, "इथं चेंडू कुठून येतो ते मला कळतं." याहून मोठं काही त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आणि काही वर्षांनी आम्ही पुन्हा वर आलो, ते निम्मे त्याच्या जिवावर.

मी इथं बाकड्यावर बसून काय मिळवलं, हे तू दर पत्रात विचारतेस. मी आजवर नीट उत्तर दिलं नाही, कारण ऐकायला वेडेपणा वाटेल. मला त्याला बघायचं होतं. एवढंच.

शनिवारी त्याचा शेवटचा सामना होता. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलेलं, बेकरीवाल्यांनी भट्टी लवकर विझवलेली, पोरं भिंतीवर चढलेली. आम्हाला बरोबरी पुरे होती; हरलो तर परत खालच्या गटात. सामना संपत आला तेव्हा गोल एक-एक होते. एक उंच चेंडू आला. तो गर्दीत घुसला, मुठीनं त्यानं चेंडू बाहेर ठोसला आणि त्यांच्या धिप्पाड फॉरवर्डखाली गुडघा पिरगळून पडला. चेंडू आमच्याच बचावपटूच्या हाताला लागला. पेनल्टी.

तो उठून उभा राहिला. सगळं मैदान "खांब! खांब!" करत होतं. आणि तो लंगडत बाकड्याकडे यायला लागला. मला वाटलं, पाणी हवं असेल.

कोचला म्हणाला, "मला काढ."

"डोकं फिरलंय का? शेवटची मॅच तुझी. नुसता उभा राहा. गोल झाला तरी तुला कोण बोलणार आहे?"

"तेच तर," तो म्हणाला. "मला कुणी बोलणार नाही. पण पेनल्टी मारणारा हा माणूस कीपरच्या डावीकडे मारतो, आणि या पायानं मला तिकडे झेप घेता येणार नाही." मग माझ्याकडे वळला. "ऊठ. चल."

मला ग्लोव्ह्जमध्ये बोटं घालता येईनात. शेवटी त्यानंच ते ओढून बसवले. आपण आता काय सोडतोय, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. तो फक्त डाव्या बाजूची जमीन किती निसरडी आहे ते मला सांगत होता.

पुढचं लिहायचं मी शनिवारपासून टाळतोय. आत्ताही मधेच उठून चहा करून आलो.

त्यांच्या माणसानं डावीकडेच मारला. मीही डावीकडेच गेलो. चेंडू बोटाला लागला, ताई, खरंच लागला. आणि खांबाच्या आतल्या अंगाला आपटून जाळीत गेला. आम्ही हरलो.

शिट्टी झाल्यावर मी चिखलात तोंड घालून पडलो. "त्याला काढलं कशाला?" असं कुणीतरी ओरडलं, तेही ऐकलं. मग पाय ओढत कुणीतरी आलं आणि शेजारी धपकन बसलं. तोच होता. पाय सरळ पसरलेला.

"बोट लागलं ना?"

"लागलं."

"माझं लागलं नसतं."

बस्स. ना समजूत, ना पाठीवर थाप. मग म्हणाला, "आता मला उचल. एकट्यानं उठवत नाहीये."

मी त्याला उभं केलं. माझ्या खांद्यावर भार टाकून तो मैदानाला फेरी घालायला निघाला. एकही माणूस गेला नव्हता. आधी टाळ्यासुद्धा नव्हत्या. लोक नुसते उठून उभे राहत होते, आम्ही पुढे जाऊ तशी एकेक रांग. तिकीटखिडकीतल्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या. आणि हा माणूस काय करत होता सांगू? पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला थांबून सांगत होता, "बोट लागलं होतं त्याचं. बघितलंत ना?" ताई, आपल्या निरोपाची अख्खी फेरी त्यानं माझी बाजू मांडण्यात घालवली. मग कुठं टाळ्या सुरू झाल्या. त्या कुणासाठी होत्या, मला कळलं नाही. माझ्या खांद्यावरचा हात तेवढा कळत होता.

आता तुझ्या गावच्या क्लबनं मला खेळायला बोलावलंय, त्याबद्दल. मी त्यांना आज नाही म्हणून कळवलं. भाऊजींनी माझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीय, हे वाचून फार वाईट वाटलं. रागाव, पण बोलायचं सोडू नकोस. शनिवारी जिंकलो असतो, तर कदाचित आलोही असतो.

सकाळी सरावाला गेलो. निम्मे जण आलेच नव्हते. तो कुबडी घेऊन आला होता. पाय चालत नाही म्हणून हातानं चेंडू फेकत राहिला, सगळे डावीकडे. गोलमधून मैदान मी आज पहिल्यांदा सावकाश पाहिलं. केवढं मोठं आहे गं ते! भीतीच वाटली. मग त्यानं पुढचा चेंडू फेकला.

इथलाच,
तुझा धाकटा