पाल्याचं पथ्य

पुणे, ९ नोव्हेंबर २००३

ती. गोरखदादास,
इंद्रायणीचा सा. न. वि. वि.

तुझं लेहहून पाठवलेलं पार्सल दिवाळीत निमगाव सावाला पोचलं. तिकडच्या त्या काटेरी सीबकथॉर्न झुडपाची फळं, पानं आणि साल तू वेगवेगळ्या पिशव्यांत, वर नावं लिहून भरलीस, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आईने फळं देवापुढे ठेवली आणि मग आळीभर वाटली. फौजी मुलाकडून आलेला प्रसाद म्हणून लोकांनी ती आंबट बोरं तोंड वाकडं न करता खाल्ली. शेजारच्या धोंडाबाईंनी मात्र विचारलं, की तिकडे साखर मिळत नाही का.

मी तिन्हींतलं मूठमूठभर तपासायला आमच्या प्रयोगशाळेत आणलं आहे.

आरतीवहिनी तुला काळजीचं काही लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आईच्या बोटांची सूज वाढली आहे. तिला मूठ वळता येत नाही. भाकऱ्या वहिनी थापते आणि आई शेजारी बसून चुका काढते. नारायणगावच्या डॉक्टरांनी संधिवातासाठी दर गुरुवारी घ्यायला सांगितलेली गोळी तिने बंद केली आहे. तुझ्या पाल्याचा काढा चालू आहे, आणि झाडपाल्यावर इंग्रजी औषध चालत नाही, हे तिचं पथ्य. माझं काही चाललं नाही. सुटी संपली, मी परत आले.

थंडीत जप. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
इंद्रायणी


लेह, २३ नोव्हेंबर २००३

चि. इंदूस,
दादाचा आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. इथले लोक या झुडपाला लई मानतात. आमच्या लंगरच्या आचाऱ्याचे गुडघे याच पाल्यानं मोकळे झाले, म्हणून तर ड्युटी सुटली की नदीकाठी जाऊन तोडत होतो. काटे असे, की हातमोजे फाटले.

तू तपासलंस ना? मग आईला सरळ लिहून टाक, की हा पाला गोळीपेक्षा भारी आहे. तू शिकलेली, तुझ्या शब्दावर तिचा जीव थाऱ्यावर येईल. माझ्याकडून तिला दुसरं काय होतंय? ना घरी येणं, ना शेताला हात. एवढा पाला तरी लागू पडू दे.

आणि तुझं पत्र म्हणजे रिपोर्ट असतो बाई. कधी तरी दोन ओळी माणसासारख्या लिहीत जा.

थोरल्या भावावर माया असू दे.

गोरख


पुणे, ५ डिसेंबर २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी रिपोर्टच देते. तिन्ही भागांचे अर्क काढले. पेशींमध्ये मुद्दाम दाह निर्माण केला आणि कोणत्या अर्काने तो किती उतरतो ते मोजलं. पानांनी सर्वांत जास्त उतरला, सालीने त्याहून कमी, फळांनी थोडासाच. पानांत फ्लेव्होनॉइड आणि टॅनिन ही दाह उतरवणारी द्रव्यं भरपूर आहेत. फळांचं नाव क जीवनसत्त्वासाठी, पण उन्हात वाळवताना ते बरंच गेलं असणार. म्हणजे तू तोडलेला पाला चांगला आहे.

पण त्या पेशी काचेच्या बशीतल्या आहेत. माझा अर्क आईच्या काढ्यापेक्षा कितीतरी दाट आहे. पोटात गेलेल्या काढ्यातलं तिच्या बोटांपर्यंत काय पोचतं, ते मला माहीत नाही. गोळीने सांध्यांची झीज रोखली जाते, एवढं माहीत आहे. म्हणून तू सांगतोस ते वाक्य मी लिहिणार नाही. बोटं एकदा वाकडी झाली, की ती परत सरळ होत नाहीत.

मी थकले आहे, दादा. दर रविवारी नारायणगावला गाडी बदलून घरी जाते. आई सगळं ऐकून घेते आणि उठून काढा उकळायला ठेवते. मागच्या रविवारी परतताना एक गोष्ट लक्षात आली. पथ्य औषध देणाऱ्याने सांगायचं असतं. देणारा तू. तू काहीच सांगितलं नाहीस, म्हणून तिने आपलं आपण लावून घेतलं.

तर तू तिला लिही, की गुरुवारची गोळी घेतल्याशिवाय हा पाला घ्यायचा नाही. डॉक्टरांना मी विचारलं आहे. थोडा काढा चालेल, रक्त वेळोवेळी तपासायचं, असं ते म्हणाले. यात खोटं काही नाही.

तू माणसासारख्या ओळी मागितल्या होत्यास. तुझा पाला लागू पडावा असं मलाही वाटत होतं. प्रयोग पुन्हा पुन्हा लावला तो त्यासाठीच.

राग धरू नकोस.

इंद्रायणी


निमगाव सावा, २२ फेब्रुवारी २००४

चि. इंद्रायणीस,
आईचा आशीर्वाद.

आरती लिहिती हाये. मी सांगंल तसंच लिही म्हणलंय तिला, सुधरवायचं न्हाई.

गोरखचं पत्र आल्यापासून सकाळी काढा आन् गुरुवारी जेवल्यावर गोळी. पथ्य मोडलं न्हाई. सूज लई उतरली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ऱ्हायली, ती आता तशीच, म्हणला डाक्टर. काल एक भाकरी थापली. एका अंगानं जाड झाली. आरतीनं चुका काढल्या, मीच शिकवलेल्या.

आळीतली माणसं पाला मागाया येत्यात. त्यास्नी सांगती, आदी डाक्टरला दाखवून या, त्याला पथ्य हाये.

आता एक बोलती. ते पथ्य तुजं हाये. आरतीनं पत्र वाचून दाखवलं तवाच वळखलं. गोरखला येवढं नेमकं लिहिता आलं असतं तर मास्तरचा मार कशाला खाल्ला असता? पर त्याला बोलू नगंस. बर्फ उतारला की परत पाला तोडाया जाणार म्हणतोय, जाड हातमोजं घेतल्यात. तोडू दे. मी काढा घेत ऱ्हाईन.

गोळी सुरू झाल्यापासनं तुजं येणं थांबलंय, आता रविवारी ये. समजवाया नगं, जेवाया ये. भाकरी वाकडी असंल.

माया हाये तशी ऱ्हाऊ दे.

तुजी आई