दारातली वायर

सोमवार, ३ नोव्हेंबर

गेला. सिग्नल गेला! चार दिवस चित्राचे नुसते चौकोन होत होते, आज निळा पडदा आणि मधे पाटी – सिग्नल उपलब्ध नाही. रिमोट आपटला, खोक्याला दोन चापट्या मारल्या. काही नाही.

डिशवाला संध्याकाळी आला. खिडकीतून नुसतं वर बोट केलं. समोरचा टॉवर. "आंटी, वो बीच में आ गया. अब इधर से कुछ नहीं मिलेगा."

काळाचौकीतली आमची चाळ पाडली, आम्हाला ही बिल्डिंग दिली आणि उरलेल्या जागेत विकायला तो टॉवर. ऊन आधीच खाल्लं होतं मेल्याने. आता टीव्हीपण.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मनूचा हैदराबादहून फोन. "बरंच झालं आई! ती डिश काढून टाक, नेट घे. सिरीयल, बातम्या, गाणी, सगळं त्यात येतं. आणि आपण रोज व्हिडिओ कॉल करू."

रोज! फोन तर आत्ताही आहे की माझ्याकडे.

तसं बोलले नाही पोराला. "बघते" म्हटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नेटच्या दोन कंपन्यांची माणसं एकाच वेळी येऊन गेली. एक म्हणतो आमचा स्पीड जास्त. दुसरा म्हणतो त्यांची वायर सारखी तुटते, आमच्याकडे या. मी दोघांनाही एकच विचारलं – साडेसात वाजले की टीव्ही आपोआप नाट्यसंगीतावर जाईल का? दोघांनीही माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

ह्यांनी टायमर लावून ठेवलाय तसा. डिशच्या खोक्यात रेडिओचेपण चॅनेल असतात, त्यातल्या एकावर साडेसातला नाट्यगीतं. माझी सिरीयल ऐन रंगात आली की पडद्यावर पट्टी – आपला कार्यक्रम सुरू होत आहे – आणि टीव्ही मारतोय उडी! किती भांडले असेन मी. "अहो, काढा ना ते!" हे सोफ्यावरून हलायचे नाहीत. "अर्धा तास तुझा झाला नलू. आता अर्धा तास माझा."

दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. पट्टी येतेच. एक बटण दाबलं की कायमची जाईल. नाही दाबलं. सिरीयलमधल्या त्या मीनाक्षीचं लग्न झालं का मोडलं, मला आजतागायत माहीत नाही. गाण्यातलं तर ओ की ठो कळत नाही. पण माझं न ऐकता आपलंच खरं करणारं कोणीतरी साडेसातला घरात असायचं.

नेट घेतलं की खोका जाणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साडेसात. निळा पडदा. लवकर जेवून घेतलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डिशवाला परत आला. मीच बोलावला. खोका ठेवायचा काहीतरी मार्ग सांग बाबा, म्हटलं. सगळ्या खिडक्या फिरला, गच्चीवर जाऊन आला (तिथे सोसायटी डिश लावू देत नाही), मग पॅसेजमध्ये उभा राहून समोरच्या दाराकडे बघत म्हणाला, "इनका कोने वाला फ्लॅट है ना? इनके साइड विंडो से मिल जाएगा. पूछ लो ना आंटी."

पूछ लो म्हणे! समोर इरावतीबाई. मूळच्या गिरगावच्या, हा फ्लॅट विकत घेऊन आलेल्या. एकट्याच असतात. तीन वर्षांत माझ्याशी एकच शब्द बोलल्यात, तोही लिफ्टमध्ये – "अकरावा." दार कायम लावलेलं. चाळीत मी कुणाच्याही घरात वाटी घेऊन घुसायचे. कोण आहे घरात, अशी नुसती हाक मारायची आणि आत! इथे बेल दाबायलाही कारण लागतं. काय सांगणार? माझ्या मेलेल्या नवऱ्याची गाणी लागत नाहीत, जरा तुमची खिडकी द्या?

नाही विचारलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

मनूला सांगितलं, घेते नेट. खूश झाला. "मंगळवारी माणूस येईल, मी बुक करतो." म्हटलं, आणि काय रे, जेवलास का? तर त्याच्याकडे पाहुणे आले होते. "नंतर करतो." नंतर काही आला नाही.

खोका पुसून ठेवला. वर ह्यांच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी – चॅनेलचे नंबर. तीही पुसली, म्हणजे फक्त धूळ.

मग खूप रडले. कोणी बघायला नाही म्हणून तोंडावर पदरही घेतला नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

बेल! वाटलं कचऱ्याची बाई. तर इरावतीबाई!! इस्त्रीची साडी, चष्मा, हातात काही नाही. दारातच उभ्या.

"एक विचारायचं होतं. आठवडाभर तुमच्याकडचं नाट्यसंगीत ऐकू येत नाही. बरं आहे ना सगळं?"

मग म्हणाल्या, "मी साडेसातला दाराशी खुर्ची घेऊन बसते. आतल्या बाजूला. तुम्ही फार जाणकार दिसता."

जाणकार! मी! हसू आलं, मग ते हसू भलतीकडेच गेलं आणि रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. टॉवर, खोका, पट्टी, हे. त्या आत आल्या, ह्यांच्याच जागेवर बसल्या. त्यांना काय माहीत! मीही नाही उठवलं.

मी विचारलं, तुमच्याकडे नेट आहे ना? त्यात तर सगळी गाणी मिळतात म्हणे.

"आहे ना. भाच्याने बसवून दिलंय. हवं ते लावा म्हणाला. पण काय हवं ते रोज आपणच ठरवायचं, एकटीने. मला कंटाळा येतो हो. तुमच्याकडे कसं, कोणीतरी लावायचं आणि मी ऐकायची."

डिशवाल्याने खिडकीचं सांगितलं होतं ते मी तेव्हा बोलले. तर बाई चष्म्यावरून बघतात – "मग शनिवारीच का नाही आलात?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नेटवाल्याला परत पाठवलं. मनू वैतागला. "आई, तू पण ना! आजकाल डिश कोण ठेवतं?" मी ठेवते. आणि म्हटलं, तुला बोलायचं असेल तर साधा फोन कर, मी उचलते.

डिश त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये बसली. वायर त्यांच्या हॉलमधून, दारातून, पॅसेजमधून, माझ्या दारातून आत. डिशवाला बजावून गेला – लकडीवाला दरवाजा बंद मत करना, वायर कट जाएगा. म्हणजे जाळीचं सेफ्टी डोअर लावायचं, लाकडी उघडंच. दोघींचंही!

साडेसातला पट्टी आली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आता इकडून त्यांचा हॉल दिसतो, तिकडून माझा. मी भाजी निवडते, त्या तिकडून ओरडतात, "नलूताई, आवाज वाढवा, ही तान ऐका!" ऐकली. कळली नाही. हो म्हटलं.

आज कुकर लावला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर जाळीतून, "चार शिट्ट्या झाल्या हो!" किती दिवसांनी कोणी माझ्या शिट्ट्या मोजल्या.

मनूचा फोन नाही. रुसलाय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सेक्रेटरी आनंदा आला. आमच्याच चाळीतला, तळमजल्यावरचा. "काकी, ह्या काय ओ? पॅसेजात वायर? कोण तरी पडात." त्याचंही खरं आहे. म्हणाला, शनिवारी माणूस पाठवतो, भिंतीत भोकं पाडून वायर वरून नेऊ. "मगे दारां कशी नीट बंद होतीत."

होतील. पूर्वीसारखी.

इरावतीबाई जाळीमागून ऐकत होत्या. साडेसातला आज आवाज वाढवा म्हणून हाक नाही आली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

माणूस आला, भलंमोठं ड्रिल घेऊन. मी तोंड उघडायच्या आत समोरून आवाज – "आज नाही जमणार. आज आमच्याकडे सत्यनारायण आहे." इतक्या शुद्ध मराठीत इतकं धडधडीत खोटं! मीपण म्हटलं, हो, मोठी पूजा आहे, आणि पुढच्या शनिवारीपण आहे.

वायर आम्ही दोघींनी मिळून टेपने लादीला चिकटवली. आता कोणी पडत नाही.