कायद्याचा डॉक्टर

१५ मे १९५५, रविवार

पाय सुजलेत. सकाळपासून बेल्व्हेडेअर राजवाड्याच्या बागेत उभी होते. एवढी माणसं एकत्र मी याआधी एकदाच पाहिली आहेत — सतरा वर्षांपूर्वी, जर्मनांनी आमचा देश घेतला तेव्हा, आणि तेव्हा सगळे ओरडत होते. आज कुणी ओरडत नव्हतं. नुसते वर पाहत होते.

सज्ज्याचं दार उघडलं. काळ्या कोटातले मंत्री बाहेर आले — आपले, रशियाचे, अमेरिकेचे, इंग्लंडचे, फ्रान्सचे. एकाने आमच्या स्वातंत्र्याच्या कराराचं ते जाड पुस्तक उघडून आमच्याकडे धरलं. एवढ्या लांबून सह्या काय दिसणार! एक पांढरा चौकोन दिसला. त्या चौकोनासाठी दहा वर्षं चार परक्या फौजांच्या ताब्यात काढली.

माझ्या पुढचा जाडा गृहस्थ बायकोला म्हणाला, "झालं? एवढंच?"

"एवढंच. टोपी काढ, पोल्डी."

त्याने टोपी काढली. मग शहरातल्या सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या आणि पोल्डी ढसाढसा रडू लागला.

नाव्राटिल माझ्याबरोबर होते. आमच्याच शाळेत भूगोल शिकवतात. घंटा वाजत असताना त्यांनी माझा हात धरला. मी तो राहू दिला. "ओटीली, आता तरी?" ते म्हणाले.

आता तरी म्हणजे कोर्टातला अर्ज. एगॉन चव्वेचाळीसच्या जूनमध्ये रशियाच्या आघाडीवर, व्हिटेब्स्कजवळ नाहीसा झाला. कागदोपत्री माझा नवरा मेलेला नाही आणि जिवंतही नाही — बेपत्ता आहे. मी अर्ज केला तर कोर्ट त्याला मृत ठरवेल. मग मला नाव्राटिलांशी लग्न करता येईल. ते तीन वर्षं विचारताहेत.

मी म्हटलं, "आज फार सह्या झाल्या."

घरी आले तर आमच्या इमारतीची राखणदारीण ब्लाहाबाई दारातच. "पाहिलंत ना, डॉक्टरीणबाई? आता रशियन सगळ्या कैद्यांना सोडणार. तुमचे डॉक्टरसाहेब आले की पहिल्यांदा मला कळणार. दहानंतर आले तर कुलूप मलाच काढावं लागेल."

एगॉन कायद्याचा डॉक्टर. मी कसलीच नाही. माझा प्रबंध अर्धाच राहिला — अडतीस साली माझ्या प्राध्यापकांना हाकलून दिलं, मग तपासणार कोण. पण व्हिएन्नात बायको नवऱ्याची पदवी घालून फिरते. तो नसला तरी.

१६ मे

नाव्राटिलांनी तिसरीच्या मुलींना नकाशावरच्या चारही विभागांच्या सीमा रबराने खोडायला लावल्या. एकीचा कागद फाटला, नेमका रशियन भागात. ते म्हणाले, "असू दे. तिथं जरा जास्तच घासावं लागतं."

२६ जून, रविवार

काल रशियाहून गाडी आली. मी गेले होते.

जायचं नव्हतं. ब्लाहाबाईंनी पुठ्ठ्याची पाटी स्वतःच आणून दिली. "बाकीच्या बायका जातात. तुम्ही काय पुस्तकात शोधणार त्यांना?" मग मी एगॉनचा लष्करी पोशाखातला फोटो डकवला आणि खाली लिहिलं: डॉ. एगॉन झेहेट्नर, व्हिटेब्स्क, जून १९४४. कुणी ओळखतं का?

फलाटावर पाट्याच पाट्या. बायका बोलत नव्हत्या. गाडी थांबली आणि ती माणसं उतरली — जाड गोधडीसारखे कोट, भर उन्हाळ्यात. हातात लाकडी पेट्या. त्यांना कसं पाहावं हेच कळेना. अकरा वर्षं पृथ्वीच्या पलीकडे असलेली माणसं, आणि ती फलाटाच्या पायऱ्या आपल्यासारखीच उतरत होती! बँड वाजत होता. कुणीतरी एकाच्या हातात चेरी ठेवल्या. त्याने खाल्ल्या नाहीत. मुठीत धरून पुढे गेला.

ते आमच्यासमोरून जात होते आणि पाट्या वाचत होते. प्रत्येक पाटीला मान हलवून नाही म्हणत होते. एक जण माझ्यापुढे थांबला. उंच, पुढचे दात नाहीत, माझ्याच वयाचा असावा. दिसत होता साठीचा. पाटी वाचली. मग मला पाहिलं. पुन्हा पाटी.

"डॉक्टर," तो म्हणाला.

 मी म्हटलं, "कायद्याचा डॉक्टर. वैद्य नव्हे. त्याला तर रक्तही बघवत नसे."

त्याने हातातली पेटी खाली ठेवली. मागून लोक ढकलत होते.

"तेच तर," तो म्हणाला. "या एकदा गावी. इथं नाही सांगता यायचं."

नाव ग्राब्नर. गाव उत्तरेकडच्या वाल्डफीर्टेल भागातलं. नाव्राटिलांना अजून सांगितलेलं नाही.

१० जुलै, रविवार

ग्राब्नरकडे जाऊन आले. 

दगडी घर, मागे खसखशीचं शेत फुललेलं. त्याची बायको रोसिना हिने कॉफी आणि खसखशीची भाकर ठेवली आणि शेतात निघून गेली. आम्ही बाकावर बसलो. तो शेताकडे पाहत बोलला. माझ्याकडे एकदाही नाही.

जसं सांगितलं तसं लिहिते.

उरल पर्वतातली छावणी. आल्या दिवशी बर्फात रांग. रशियन कारकून प्रत्येकाला काम विचारतो. एगॉन रांगेत मागे उभा. त्याच्यापुढचा व्हिएन्नाचाच, तो बाजूला झाला आणि सवयीने म्हणाला, "या, डॉक्टरसाहेब, तुम्ही आधी." बर्फात! उपाशी! आणि तरी डॉक्टरसाहेब आधी!

कारकुनाने वर पाहिलं. "डॉक्टर?" तो शब्द त्यांच्याही भाषेत आहे. पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ एकच.

"डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडलं होतं," ग्राब्नर म्हणाला. "मी पाहिलं. सांगणारच होते. तेवढ्यात कारकून म्हणाला, आजाऱ्यांच्या खोलीत शेगडी आहे. मग त्यांनी तोंड मिटलं."

म्हणजे शेगडीसाठी. मला हसू आलं. एगॉनला थंडी कधीच सोसली नाही.

पण मग टायफसची साथ आली, उवांतून पसरणारा ताप. खोलीत माणसं एकमेकांवर. एगॉनला काहीएक येत नव्हतं. त्याने पाणी उकळायला लावलं, कारण ते त्याने कुठेतरी वाचलं होतं. सगळ्यांचे केस कापले. आणि नाडी धरायचा. घड्याळ नव्हतं, मोजणार कशाने — पण डॉक्टर नाडी धरतात हे त्याला माहीत होतं. रोज, प्रत्येकाची. "हात धरला की माणूस ओरडायचा थांबायचा," ग्राब्नर म्हणाला.

छावणीवर एक रशियन डॉक्टरीण होती, खरीखुरी. तिला आठवड्यात कळलं. तिने तक्रार केली नाही. त्याला दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागली.

"त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. म्हणाले, ग्राब्नर, मी वकील आहे हो. मी म्हटलं, झोपा गप, डॉक्टरसाहेब."

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये त्याला ताप चढला. त्याच खोलीत. ज्यांना उठता येत होतं ते आळीपाळीने त्याच्या खाटेशी बसले. शेवटपर्यंत त्याची नाडी धरून.

ग्राब्नर उठला आणि शेताच्या कडेपर्यंत जाऊन आला. मी विचारलं, "कोर्टात हे सांगाल का?" तो म्हणाला, "मला बोलवू नका, बाई. माझं कागदांशी पुरे झालं."

येताना गाडीत समोरच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, मी बरी आहे. खरंच बरी होते. अकरा वर्षं मी एका भिंतीकडे पाहत होते. आज तिथे खिडकी आहे आणि तिच्यात एगॉन वाकून कुणाचा तरी हात धरून बसलाय. तो माणूस माझा नवरा होता! बोटाला सुई टोचली तरी घाबरणारा एगॉन.

११ जुलै

दिवसभर काही केलं नाही. संध्याकाळी माझीच नाडी धरून बसले.

२ ऑगस्ट

ब्लाहाबाईंना जिन्यात सांगितलं. झाडू भिंतीला टेकवून ऐकलं. क्रॉसची खूण केली. मग म्हणाल्या, "बघा. मी उगीच नाही एवढी वर्षं डॉक्टरीणबाई म्हणत."

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून हाक: "आता प्रोफेसरांशी करणार ना लग्न?"

"ठरलं नाही."

"म्हणजे प्रोफेसरीणबाई होणार. एक पायरी खालीच की! तरी पण माणूस चांगला आहे. पाय पुसून आत येतो."

इथे शाळेतल्या शिक्षकालाही प्रोफेसर म्हणतात; म्हणजे मी आधीपासूनच प्रोफेसरीण आहे, हे या इमारतीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ सप्टेंबर

शेवटचे रशियन गेले. शहरातला आमचा वीडेन भाग त्यांच्या ताब्यातला. कोपऱ्यावरच्या इमारतीसमोर दहा वर्षं शिपाई उभा असायचा. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. आज तिथे कुणी नव्हतं. तरी सगळे रस्ता ओलांडून पलीकडूनच गेले. मीसुद्धा.

मग परत फिरले आणि मुद्दाम त्या बाजूने चालत गेले. भिंत. दार. एक वाळकी कुंडी. एवढंच होतं तिथे.

त्या फौजेतली एक बाई एगॉनला औषधांची नावं शिकवत होती. आपण कुणाला भ्यायलो आणि कुणाचे आभार मानायचे, सगळं एकाच गणवेशात. मुलींना हे कसं शिकवायचं मला माहीत नाही.

२५ ऑक्टोबर

आज देशात एकही परका सैनिक उरायचा नाही. शाळेत झेंडा लावला. मुली गारठल्या होत्या, सरळ रांगेत. नाव्राटिलांनी भाषण केलं नाही, फक्त नवा नकाशा भिंतीवर टांगला. एकच रंग. मागच्या रांगेतली एक मुलगी कुजबुजली, "किती लहान आहे आपला देश!" ते म्हणाले, "हो. पण सगळाच्या सगळा आहे."

या माणसाला मी तीन वर्षं थांबवून ठेवलंय.

२७ ऑक्टोबर

सकाळी कोर्टात अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, मृत्यूबद्दल काही ठाऊक आहे? मी म्हटलं, सगळं ठाऊक आहे, साक्षीदार नाही. तो म्हणाला, बेपत्ता इतकी वर्षं, साक्षीदार लागत नाही. जाहीर नोटीस निघेल, मुदत संपली की निकाल.

सही करताना हात हलला नाही. सही ग्राब्नरच्या बाकावरच झाली होती.

नाव्राटिलांना शाळेच्या जिन्यात सांगितलं. ते खाली बसले. पायरीवरच. मुली वळून वळून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांचा एखादा फोटो भिंतीवर राहू द्यायचा ना? मला आवडेल." हे त्यांच्याशिवाय कुणी विचारलं नसतं.

५ नोव्हेंबर, शनिवार

आज ऑपेरा पुन्हा उघडला. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये बॉम्ब पडून ते नाट्यगृह जळताना मी समोरच्या रिंग रस्त्यावर उभी होते, तोंडावर ओला रुमाल धरून. छत आत कोसळलं तेव्हाचा आवाज अजून कानात आहे.

आत जायची आमची ऐपत नाही. आम्ही बाहेर उभे राहिलो, हजारोंमध्ये. मोटारी येत होत्या, फरचे कोट उतरत होते. शेजारची म्हातारी प्रत्येक कोटाला नाव ठेवत होती. "हा भाड्याचा. हा सासूचा. हिच्या अंगावर तर ससा आहे, नाहीतर मांजर असेल." मग आतलं गाणं बाहेर ऐकवणारे कर्णे सुरू झाले आणि ती गप्प झाली.

आजच्या ऑपेरात कैद्यांना थोडा वेळ अंगणात सोडतात. ते हळू आवाजात गातात — उजेड बघून, श्वास घेऊन. कर्ण्यातून तो आवाज रस्त्यावर आला तेव्हा ट्राम थांबली होती. चालकाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. जळलेल्या घरातून गाणं परत येतं, रस्त्यावरचं अख्खं शहर श्वास धरून ऐकतं, आणि मी त्यात उभी आहे! आपण हे पाहायला उरलो — या गोष्टीला काय म्हणायचं, मला शब्द सापडत नाही. शब्द शिकवणं हा माझा धंदा आहे.

मला एगॉन दिसला. अंगणात नव्हे, आत, आजाऱ्यांपाशी.

नाव्राटिल म्हणाले, "रडा की. सगळेच रडताहेत." मी रडत नव्हते. मी सुखी होते. दोघांच्याही बरोबर.

१३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी रोसिना ग्राब्नर आली. बसली नाही. खसखशीची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच बोलली. तिच्या नवऱ्याने एगॉनला कधीच पाहिलेलं नाही. तो उरलमध्येही नव्हता, खाणीत होता, दुसऱ्याच टोकाला. फलाटावर त्याला बायकांच्या तोंडाकडे बघवेना. पाटीवर लिहिलेलं त्याने वाचलं, उरलेलं मीच फलाटावर बोलून गेले होते. आता दर रविवारी कुणी ना कुणी दारात येते. प्रत्येकीला तो तिच्या माणसाचं एक मरण देतो, म्हणजे ती घरी जाऊन झोपेल. "मला हे पाप वाटतं, बाई. त्याला नाही वाटत."

मी विचारलं, "सगळ्यांना असंच सांगतो?"

"नाही. बाकीचे झोपेतच जातात. तुमच्या गोष्टीवर तो दोन आठवडे बसला होता. नांगर तसाच पडून."

ती संध्याकाळच्या गाडीने गेली. एगॉन कुठे आहे मला माहीत नाही. उद्या सोमवार, कोर्ट उघडेल, अर्ज मागे घेता येतो. मी जाणार नाही.