पिवळं दार

प्रिय कॉलीन,

आज टूसॉनच्या वाळवंटात सरावासाठी मी विमान पडलेला जखमी वैमानिक झालो. मला सोडवायला आलेली शिकाऊ जवान आपली मेरन निघाली. तिनं सरळ छातीवर बंदूक रोखून ओळख पटवायला मीच गुप्त कार्डावर लिहून दिलेला प्रश्न विचारला, "पहिल्या घराचं दार कुठल्या रंगाचं?"

"अगं, मी तुझा..."

"रंग सांगा."

"पिवळा."

तेव्हा कुठे बंदूक खाली आली. वीस वर्षं लढाऊ वैमानिक घडवतोय, इतकं कडक कुणी भेटलं नाही. बंदूक रोखलेली असतानाच माझी छाती फुगली होती.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून सांगतो. ते दार तू रंगवलेलंस. घटस्फोटानंतरही मी कार्डावरचा तो प्रश्न बदलला नाही.

मला खांद्यावर टाकून धावताना तिनं हळूच विचारलं, "बाबा, अजून तेच दार लिहिता, हे आईला माहितीये?"

मी लगेच बेशुद्धीचं सोंग घेतलं.

तुझा,
ड्वेन