दहापैकी दहा

३ मार्च

चार महिने एक ओळ लिहिली नाही. या वहीची माफी मागायला हवी. कारणं देता येतील, पण देणार नाही. एकच देतो : टेबल राहिलं नाही. नोव्हेंबरात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हॉस्पिटलातून त्या आमच्याकडे आल्या, माझ्या खोलीत त्यांचा पलंग लागला आणि माझं टेबल गेलं बाल्कनीच्या दारात. तक्रार नाही. नोंद म्हणून लिहिलं.

आज वही उघडली ती काल घडलेल्या गोष्टीमुळे. सासूबाई चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवायच्या. त्यांची एक पद्धत होती. रोजच्या वापरातली पाच इंग्रजी वाक्यं घ्यायची, मुलींनी घरून लॅटिन करून आणायची. लाल पेन्सिलीने तपासून दहापैकी मार्क. काल माझा साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, भेटायला आला होता. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सगळे त्याला क्लच म्हणतात, तोही स्वतःला क्लच म्हणतो. त्याला कपाटात सासूबाईंचं जुनं मार्कांचं रजिस्टर सापडलं. लगेच स्कूलच्या जाहिरातीच्या पाठीमागे पाच वाक्यं खरडली. कुठल्याही शब्दाला 'उस' चिकटवला की लॅटिन होतं, अशी त्याची समजूत. 'नो पार्किंग'चं 'नो पार्किंगुस'. कागद त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणे, "आई, तपासा. नापास करू नका, घरी फार बोलतात."

सासूबाईंनी डाव्या हाताने खूण करून पेन्सिल मागितली. चार महिन्यांत पहिल्यांदा. भलंमोठं शून्य दिलं आणि हसल्या.

मी तेव्हा दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर सगळं घर हसत होतं. काय झालं विचारलं, तर ही म्हणाली, "तुम्ही इथे असायला हवं होतं हो."

आनंद झाला. अगदी मनापासून. दोनदा तपासून पाहिलं, आनंदच आहे.

५ मार्च

निश्चय : सासूबाईंना लॅटिनने बरं वाटत असेल तर ते लॅटिन नीट असलं पाहिजे. घरात याला लायक माणूस एकच. मी औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या पत्रकांची प्रुफं तपासतो. एकवीस वर्षं. गोळी कशी घ्यावी ते मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, आणि त्यात माझ्या हातून आजवर एक चूक सुटलेली नाही. शिवाय कॉलेजात दोन वर्षं लॅटिन होतं.

लायब्ररीतून शब्दकोश आणि व्याकरण आणलं. लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं, परीक्षा आहे का? म्हटलं, एका अर्थी.

८ मार्च, दुपारी ४

पहिला कागद दिला. 'कृपया दार बंद करा', 'आता किती वाजले' अशी पाच साधी इंग्रजी वाक्यं. प्रत्येक शब्द शब्दकोशात दोनदा पाहिला, मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला, प्रूफ वाचतात तसा. सासूबाईंनी वरून खाली नजर फिरवली. एक टिक. दहापैकी दहा. कागद परत.

क्लचला आज दोन. 'माइंड द स्टेप'मधल्या 'माइंड'चं त्याने मन केलं, म्हणजे ते 'मन पायरी' असं झालं. तो कागद सासूबाईंकडे पाऊण तास होता. सगळा लाल. पेन्सिल घसरते म्हणून त्याने तिच्यावर रबरबँड गुंडाळून दिले. मी महिन्याभरापूर्वी खास पकडीचं पेन आणून दिलं होतं, ते डब्यातून बाहेर आलेलं नाही.

दहा आणि दोन. आकडे बोलतात.

११ मार्च

क्लच आल्याबरोबर कागद पुढे करतो. आज त्याने आकडे टाकले : १, २, ३, ५, ६. चार गायब! धड मोजताही येत नाही, आणि हा लोकांना गाडी शिकवतो. सासूबाईंनी चारच्या जागी पेन्सिलने टकटक केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "गाढव."

झटका आल्यापासून त्यांचे शब्द तीन : हो, नको, पाणी. हा चौथा.

ही रडायला लागली. मेहुणीला फोन. मेहुणी तिकडे रडायला लागली. क्लच घरभर नाचत, "दादा, ऐकलंत? मला गाढव म्हणाल्या!" मी त्याचं अभिनंदन केलं. हातही मिळवला.

मी थोरला जावई. अठरा वर्षांत सासूबाई मला 'तुम्ही'शिवाय बोलल्या नाहीत. जावई आले, बसा, चहा घ्या. गाढव तर सोडाच, 'अरे' सुद्धा नाही. हा मानच आहे. क्लचला पहिल्या दिवसापासून 'तू'.

मत्सर हा शब्द इथे बसतो का, यावर चहा होईपर्यंत विचार केला. बसत नाही.

१२ मार्च

स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. फाइलमध्ये 'गाढव' लिहून घेतलं, तारखेसकट. पुढे विचारलं, कोणाला? माझ्यादेखत त्याचं नाव लिहिलं. मी विचारलं, माझ्या टिका पण धरता का? पाच कागदांत पाच टिका आहेत. त्या म्हणाल्या, "टिक म्हणजे बोलणं नाही ना हो. जे केल्याने त्या बोलतात ते चालू ठेवा. आता ज्या वाटा उघडतील त्या पुढच्या काही महिन्यांतच. नंतर कठीण होत जातं."

काही महिने. ठीक आहे. कामाचा दर्जा वाढवला पाहिजे.

१५ मार्च

दर्जा वाढवला. ऑफिसचं पत्रक घेऊन 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा', 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' वगैरे पाच इंग्रजी सूचना लॅटिनमध्ये आणल्या. निर्दोष. सासूबाईंनी टिक केली आणि कागद छातीवर ठेवून झोपी गेल्या.

झोप हीसुद्धा उपचाराचाच भाग आहे. हिला तसं म्हटलं. ही म्हणाली, "हो, तुमचा कागद वाचून झोप छान लागते त्यांना." कौतुकाने म्हणाली असं धरून चालतो.

१७ मार्च

क्लचचे सगळे कागद ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते. माझे? आज फ्रिजवर सामानाची यादी दिसली. उलटून पाहिलं, तर माझं दहापैकी दहा. "मागून कोरे असतात हो," ही म्हणाली, "लिहायला बरे पडतात."

१९ मार्च

शंका : क्लच मुद्दाम चुकतो. एवढं कोणी आपोआप चुकू शकत नाही. जिन्यात गाठून सरळ विचारलं.

तो आधी हसला. मग म्हणाला, "दादा, मुद्दाम चुकायला आधी बरोबर काय ते यायला नको का?" मग चप्पल घालता घालता थांबला. म्हणाला, त्याच्याकडे कधीकधी असा शिकाऊ येतो की ज्याचं काही चुकत नाही. त्याच्या शेजारी तास कसा काढावा कळत नाही. "नुसता खिडकीबाहेर बघत बसतो मी. चुकला, की मग मी मास्तर."

म्हटलं, हे ड्रायव्हिंगला लागू असेल. तो म्हणाला, असेल.

२० मार्च, सकाळी

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही, पण प्रयोग म्हणून उद्यापासून माझ्या कागदात एक चूक घालायची. फार तर दोन.

२१ मार्च

४ वाजून १० मिनिटांनी तिसऱ्या वाक्यात चूक घातली. ४.१५ला ती नजरेला टोचायला लागली. ४.२०ला हात आपोआप गेला. दहापैकी दहा.

२३ मार्च

पुन्हा प्रयत्न. यावेळी चूक शाईने केली, खोडताच येणार नाही अशी. मग सगळा कागद नव्याने लिहून काढला. दहापैकी दहा.

ऑफिसात मात्र एका पत्रकात 'जेवणानंतर' दोनदा छापायला निघालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पकडलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. चुका होतात, फक्त घरी आणता येत नाहीत.

२६ मार्च

क्लचला शिकाऊ ड्रायव्हरांच्या परीक्षांसाठी दहा दिवस बाहेरगावी जायचंय. निघताना आला. कागदावर एकच ओळ. 'मी लवकर परत येईन' याचं लॅटिन : मोक्स रेदिबो. बरोबर. त्याच्या आयुष्यातलं पहिलं बरोबर लॅटिन. सासूबाईंनी टिक केली नाही. नुसता कागद घडी करून उशीखाली ठेवला.

माझ्या सोळा टिका आहेत. उशीखाली एकही नाही.

असो. मैदान मोकळं आहे. दहा दिवसांत त्यांना बोलतं करायचं. पूर्ण वाक्य! तो परत येईल तेव्हा 'दार उघडा' असं त्या स्वतः म्हणाल्या की मगच दार उघडायचं.

३० मार्च

टिक. टिक. टिक. टिक. रोज चार वाजता, क्लचच्या यायच्या वेळेला, त्या दाराकडे बघतात.

१ एप्रिल

आज पेन्सिल घेतली नाही. कागद पुढे केला, "नको" म्हणाल्या. जेवण अर्धं टाकलं. पाणी हवं होतं तेही हाताने दाखवलं, शब्द वापरला नाही. थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काहीतरी करून त्यांचं लक्ष ओढा, असे दिवस वाया जाऊ देऊ नका.

ही स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. बराच वेळ नळ चालू होता, भांडं कुठलंच नव्हतं. मी मागे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "आई गप्प आहे ना, तेव्हा घरातलं घड्याळ ऐकू येतं." मी नळ बंद केला.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. त्या बोलाव्यात असं मला वाटतं, की त्या माझ्याशी बोलाव्यात असं वाटतं? उत्तर उद्या लिहीन.

२ एप्रिल, दुपारी ३

उत्तर लिहायला वेळ नाही. युक्ती सापडली.

मला चुका करता येत नाहीत, पण तयार चुका घरात आहेत. बिस्किटांचा डबा उघडला. पंधरा-सोळा कागद निघाले. एक ठेवणीतला निवडला, भरपूर लाल असलेला. लाल सोडून बाकी सगळं माझ्या अक्षरात उतरवून घेतलं. याला नक्कल म्हणता येणार नाही. संदर्भसाहित्य म्हणता येईल. उतरवल्यावर मूळ प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. तंतोतंत.

तंतोतंत! धंद्याची सवय.

२ एप्रिल, संध्याकाळी ६

जसं घडलं तसं लिहितो, काही न लपवता.

चार वाजता कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "नको" म्हणणार होत्या, तेवढ्यात नजर खाली गेली. कपाळाला आठी पडली. पेन्सिल घेतली! पहिल्या वाक्यावर लाल. दुसऱ्यावर लाल. माझ्या कागदावर लाल! तिसरं वाक्य. मग हात थांबला. तीननंतर पाच होतं. चारच्या जागी टकटक केलं. एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे.

एकवीस वर्षं मूळ प्रतीत असेल ते तसंच ठेवतोय. गाळलेला चार सुद्धा तसाच गाळला.

त्यांनी डाव्या हाताने डबा दाखवला. ही डबा घेऊन आली. त्यांनी एकेक कागद काढला, बघितला, बाजूला ठेवला. मी म्हटलं, "आई, राहू द्या, दमाल." ऐकलं नाही. शेवटी तो कागद सापडला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. डाव्या हाताचंच एक बोट याच्यावर, एक त्याच्यावर, वरून खाली पाचही ओळी.

मग मान वर करून, एकेक शब्द उचलून ठेवावा तशा म्हणाल्या,

"तू... याचं... बघून लिहिलंस."

चार शब्द. पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, आरोप. आणि तू.

हिच्या हातातलं झाकण खाली पडलं. सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. चौतीस वर्षांचा वर्ग त्यांच्यासमोर उभा होता आणि त्यात सत्तेचाळीस वर्षांचा मी. मी मान खाली घातली होती. कधी घातली, कळलं नाही. हातही मागे बांधले होते.

"लाज?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वाटते, बाई." आई म्हणायचं होतं. बाई निघालं.

तेव्हा त्या हसल्या. तोंडाची डावी बाजू जास्त, उजवी थोडी. पण उजवी सुद्धा.

हिने मेहुणीला फोन केला, मेहुणीने क्लचला जोडून घेतलं. तो तिकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून ओरडत होता, "दादा, चुका माझ्या आहेत! अर्धं श्रेय माझं! थेरपिस्ट बाईंना सांगा!" सांगेन. फाइलमध्ये दोघांची नावं लिहायला सांगेन. माझं आधी.

मार्क : दहापैकी शून्य. कागद डब्यात गेला. हिने स्वतः ठेवला, क्लचच्या कागदांवर. मी पाहिलं.

गाढव म्हणाल्या नाहीत. तेवढं राहिलं.

शिक्षा मिळाली आहे. 'दहा', 'उद्या' असे दोन शब्द, आणि बाकीचं बोटांनी. मग माझा शब्दकोश मागून घेतला आणि उशीखाली घातला, मोक्स रेदिबोच्या शेजारी.

उद्या : 'मी दुसऱ्याचं बघून लिहिणार नाही', लॅटिनमध्ये, दहा वेळा, शब्दकोशाशिवाय.